मुलगी जेवायलाच नकार देते आहे: १८ वर्षांखालच्या मुलांना मर्जीविरुद्ध भरती करताना नेमकं काय करायचं?

शाळेचा_व्हरांडा (इंदूर)

नमस्कार मंडळी. इंदुरातल्या शाळा-कोचिंगमध्ये समुपदेशन करणाऱ्यांपुढे हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि अर्धवट माहितीवर सल्ला द्यायची भीती वाटते. म्हणून जाणकारांना विचारते आहे.

समजा मुलगी १६ वर्षांची, अकरावीत. उंची १५८ सेंमी, वजन ३४ किलो, चार महिन्यांत ११ किलो उतरलेलं. सुरुवात श्रावणातल्या उपासांनी झाली, त्यामुळे घरात कुणाला खटकलं नाही, उलट कौतुकच झालं. श्रावण संपला, नवरात्र झालं, जेवण काही परत सुरू झालं नाही. पाळी बंद, हातपाय गार, जिना चढताना भोवळ. मुलगी म्हणते, मला काही झालेलं नाही, आणि दवाखान्यात नेलंत तर पाण्यालाही तोंड लावणार नाही. वडील म्हणतात, वर्ष वाया जाईल, परीक्षा होऊ दे.

घरी समजूत घालत बसणं कुठे थांबवायचं? मुलगी नाही म्हणत असताना भरती कायद्याने करता येते का? आणि नळीने अन्न देणं म्हणजे प्रत्यक्षात काय?

बालरोग_राजवाडा

ताई, हे चित्र अ‍ॅनोरेक्सियाचं दिसतं, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने अन्न तोडण्याच्या मानसिक आजाराचं. आधी आकडे. ३४ ला १.५८ च्या वर्गाने भागलं की बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, १३.६ येतो. या वयाच्या मुलींचा मधला बीएमआय २० धरला तर ही ६८ टक्क्यांवर आहे. ब्रिटनमधल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत ७० टक्क्यांच्या खाली थेट लाल, म्हणजे सर्वाधिक धोक्याचा, रकाना आहे. अमेरिकेतले किशोरवैद्यकाचे डॉक्टर ७५ टक्क्यांपासूनच भरतीचा विचार करा म्हणतात. तुमच्या उदाहरणात परीक्षेपर्यंत थांबायला जागाच उरलेली नाही.

पण वजनावरच अडकू नका. मूळची जाड मुलगी झपाट्याने २५ किलो उतरवून 'बरोबर' वजनावर येते, घरचे खूश होतात, आणि तिची नाडी ४२ असते. तिला धोका तेवढाच. म्हणून तपासायचं ते असं: पाच मिनिटं आडवं झोपवून नाडी आणि बीपी, मग उभं करून दोन-तीन मिनिटांनी पुन्हा. जागेपणी नाडी ५० च्या खाली किंवा झोपेत ४५ च्या खाली, बीपी ९०/४५ च्या खाली, उभं राहिल्यावर वरचं बीपी २० ने पडणं, अंगाचं तापमान ३५.६ सेल्सियसच्या खाली, चक्कर येऊन पडणं, अन्न पूर्ण तोडणं. यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी इस्पितळ. नाडी ४० च्या खाली असेल तर त्याच तासाला.

घरच्या घरी करता येईल अशी एक परीक्षा आहे. मुलीला उकिडवं बसायला सांगा आणि हात गुडघ्यावर न टेकता उठायला सांगा. तसंच पाठीवर आडवं झोपून हातांच्या आधाराशिवाय उठून बसायला सांगा. हात टेकल्याशिवाय जमत नसेल तर स्नायू खाल्ले जात आहेत असं समजा. हृदयही स्नायूच आहे.

दोन गैरसमज मात्र फार महाग पडतात. पहिला, 'रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आहेत.' उपासमारीत रक्तातले आकडे शेवटपर्यंत टिकून राहू शकतात, शरीर हाडा-मांसातून काढून ते भरत असतं. दुसरा, 'नाडी मंद आहे म्हणजे खेळाडूसारखं हृदय आहे.' खेळाडूची नाडी खोलीतून चालत गेल्यावर ७०-८० होते. उपाशी मुलीची चार पावलांत १२० वर उडी मारते.

वरणभात_तूप

आहाराच्या बाजूने मी लिहिते, कारण सगळ्यात मोठी चूक भरती झाल्यावर पहिल्या तीन दिवसांत होते, आणि तीही प्रेमापोटी.

मुलगी गळून गेली की आपल्याकडे पहिलं वाक्य असतं, 'आधी एक बाटली चढवून घ्या, ताकद येईल.' गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये डीएनएस, म्हणजे साखर-मिठाचं सलाईन, लावतात. ५०० मिलीच्या त्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. महिनोन्‌महिने उपाशी असलेल्या शरीरात साखर गेली की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम ओढून पेशींत नेतं. साठा आधीच रिकामा, त्यामुळे फॉस्फेट कोसळतं. मग श्वासाचे स्नायू थकतात, हृदयाची लय बिघडते, पायांवर सूज येते, मुलगी भ्रमात जाते. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. हे उपाशी असताना घडत नाही, अन्न सुरू केल्यावर घडतं, बहुतेक वेळा पहिल्या चार-पाच दिवसांत. म्हणून ग्लुकोज असो की जेवण, त्याआधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. आणि 'इलेक्ट्रोलाइट्स' लिहून भागत नाही: आपल्या लॅबमध्ये त्यात सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड एवढंच येतं. फॉस्फरस आणि मॅग्नेशियम वेगळं लिहून मागावं लागतं, पहिले पाच-सात दिवस रोज.

दुसरी चूक 'हलकं' खाण्याची. घरून डब्यात येतं काय? साबुदाण्याची खीर, मोसंबीचा रस, ग्लुकोजचं पाणी. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्यात फॉस्फरस नावालाही नाही. म्हणजे नेमकं जे टाळायचं तेच. त्यापेक्षा पूर्ण सायीचं दूध २५० मिली: साधारण २१५ कॅलरी, वर सव्वादोनशे मिलीग्रॅम फॉस्फरस. दूध, दही, पनीर, अंडं, वरणभात आणि वर तूप. चमचाभर तूप म्हणजे ४५ कॅलरी, आणि पोट फुगवत नाही.

सुरुवात किती? पूर्वी फार कमीपासून करायचे आणि मुलं इस्पितळात असतानाच आणखी वजन गमवायची. आता किशोरवयीनांना रोज १४०० ते २००० कॅलरींपासून सुरू करून २००-२०० ने वाढवतात, अट एकच, रोज रक्त तपासलं जायला हवं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत २००० पासून सुरू केलेली मुलं १४०० वाल्यांपेक्षा तीन दिवस आधी स्थिर झाली. फार खालच्या वजनाच्या, फॉस्फेट आधीच कमी असलेल्या मुलीला कमीपासून सुरू करतात, तो निर्णय डॉक्टरचा.

शाळेचा_व्हरांडा (इंदूर)

साबुदाण्याचं डोक्यातच आलं नव्हतं. आणि कायद्याचं?

काळा_कोट_इंदूर

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. लागू २९ मे २०१८ पासून. अल्पवयीनांसाठी कलम ८७ वाचायचं.

अल्पवयीन मुलीची 'नामनिर्देशित प्रतिनिधी' तिची कायदेशीर पालक असते. त्या पालकाने इस्पितळाच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. मग दोन जणांनी मुलीला स्वतंत्रपणे तपासायचं: दोन मानसोपचारतज्ज्ञ, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक मानसिक आरोग्य व्यावसायिक अथवा डॉक्टर. तपासणी भरतीच्या दिवशीची किंवा आधीच्या सात दिवसांतली हवी. दोघांचंही स्वतंत्र मत असं हवं की आजार भरती करण्याइतका गंभीर आहे, भरती मुलीच्या हिताची आहे, आणि घरी राहून करायचे उपाय फसले आहेत किंवा उघडच अपुरे आहेत. तिची स्वतःची इच्छा काय आहे हेही विचारात घ्यायला कायदा सांगतो. तिच्या 'नाही'मुळे भरती थांबत नाही, पण ते 'नाही' केसपेपरवर तिच्या शब्दांत लिहिलेलं असावं.

मोठ्यांपासून वेगळी व्यवस्था हवी. पालक किंवा त्यांनी नेमलेलं माणूस पूर्ण वेळ सोबत हवं. मुलगी असेल आणि प्रतिनिधी वडील असतील तर सोबतीला बाईमाणूस नेमणं सक्तीचं आहे. इस्पितळाने ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. मंडळ येऊन मुलीशी बोलू शकतं, कागद बघू शकतं. मुक्काम ३० दिवसांपलीकडे गेला तर मंडळाला तात्काळ कळवायचं, मंडळाने सात दिवसांत आढावा घ्यायचा, आणि पुढे दर ३० दिवसांनी. पालकांनी स्वतः विचारा: 'मंडळाला कळवल्याची पोच बघायला मिळेल का?' हे विचारणं अविश्वास नाही, मुलीचा हक्क आहे.

जीव धोक्यात असेल आणि मानसोपचारतज्ज्ञ हाताशी नसेल तर कलम ९४. कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, पालक हजर असतील तर त्यांच्या संमतीने, मृत्यू किंवा कायमची हानी टाळण्यापुरते उपचार करू शकतो, जास्तीत जास्त ७२ तास. रात्री दोनला चक्कर येऊन पडलेल्या मुलीला दारातून परत पाठवायचं कारण कायद्यात नाही.

विमा कंपनी 'मानसिक आजार आहे' म्हणून हात वर करत असेल तर कलम २१ (४) दाखवा. शारीरिक आजाराइतकंच संरक्षण द्यावं लागतं.

निंबोळी

सगळं वाचलं. तरी मला हे पटत नाही. चार माणसांनी धरून नाकात नळी घालायची आणि त्याला उपचार म्हणायचं? त्या वयात अंगावर झालेली जबरदस्ती मूल जन्मभर विसरत नाही. पुन्हा कुठल्या डॉक्टरवर विश्वास ठेवेल ती?

मनोमय

निंबोळीताई, तुमचा आक्षेप महत्त्वाचा आहे, त्याला बगल देणार नाही.

आधी हे बघू की तिचं 'नाही' कशातून येतं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत ३६ धडधाकट, स्वखुशीने आलेल्या पुरुषांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग झाला. अन्नाशिवाय दुसरा विचार सुचेना, माणसं चिडचिडी, एकलकोंडी झाली, ताटातलं अन्न तासन्‌तास चिवडत बसायची. त्यांना अ‍ॅनोरेक्सिया नव्हता, फक्त भूक होती. आपल्या मुलीला दोन्ही आहेत. म्हणून अभ्यासात पहिली येणारी, अस्खलित बोलणारी मुलगी कॅलरींचं गणित तोंडपाठ सांगते, आणि 'पुढच्या आठवड्यात हृदय थांबू शकतं' हे ऐकून 'इतरांचं थांबेल, माझं नाही' म्हणते. माहिती समजते, ती स्वतःला लागू होते हे उमगत नाही. कायद्याच्या कलम ४ मध्ये निर्णयक्षमतेची कसोटी हीच आहे: माहिती समजणं, परिणामाची जाणीव होणं, निर्णय सांगता येणं. त्याच कलमात हेही आहे की एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो एवढ्यावरून तो अक्षम ठरत नाही. दोन्ही वाक्यं एकत्र वाचायची. भरतीबद्दल ठरवू न शकणारी मुलगी कुठलं दूध, कुठली खोली, आई जवळ हवी की मावशी, हे नक्की ठरवू शकते. तेवढं तिच्या हातात द्यायचं, रोज.

ब्रिटनमध्ये १९९२ साली अ‍ॅनोरेक्सिया असलेल्या १६ वर्षांच्या मुलीचा खटला अपील कोर्टात गेला. तिथे १६ वर्षांच्या मुलाला उपचाराला संमती देता येते, तरी कोर्टाने म्हटलं की जीव धोक्यात असताना तिचा नकार बाजूला ठेवता येतो. पण तिच्या इच्छेला वजन आहे, आणि वयाबरोबर ते वाढत जातं, हेही त्याच निकालात आहे.

आता विश्वासाचं. सक्तीने भरती झालेल्यांचं वजन इस्पितळात स्वखुशीने आलेल्यांइतकंच भरून येतं असं अभ्यासांत दिसलं आहे, आणि आधी ठाम नकार देणाऱ्यांपैकी बरेच जण दोनेक आठवड्यांनी भरती गरजेची होती असं म्हणतात. सगळे नाही. काहींना जखम राहते, हे खरंच आहे. ती जखम बहुतेकदा फसवण्याची असते: 'फक्त रक्त तपासून येऊ' म्हणून गाडीत बसवायचं आणि वॉर्डात सोडायचं. असं कधीही करू नका. घरीच, बसून, एका वाक्यात सांगा: 'तुझी नाडी ४४ आहे, आज तुला भरती करतोय, हा निर्णय आम्ही घेतलाय, तुझ्यावर त्याचं ओझं नाही.' ओरडेल, रडेल. तरी खोटं बोलू नका.

वॉर्डातली_सिस्टर

नळीबद्दल मी सांगते. नळी ही पहिली पायरी नसते. आधी ताट. जेवणाला ३० मिनिटं, मधल्या खाण्याला १५. शेजारी एकच माणूस बसतं, इकडचं-तिकडचं बोलतं, 'अजून दोन घास' असा घोष लावत नाही. भात वाटीच्या कडेला दाबून ठेवलेला, तूप पोळीच्या घडीत टिपलेलं, वरणातली डाळ खाली आणि वरचं पाणी प्यायलेलं, हे बघायचं, पण चारचौघांत बोलून दाखवायचं नाही. वेळ संपली की ताट उचलायचं, आणि राहिलेल्या कॅलरींइतकं पेय द्यायचं, दूध किंवा तयार सप्लिमेंट. जेवणानंतर तासभर सोबत, संडास-बाथरूमलाही. वजन सकाळी, लघवीनंतर, उपाशीपोटी, इस्पितळाच्या गाऊनमध्ये. वजन अचानक किलोभर वाढलं तर आनंदायच्या आधी रक्तातलं सोडियम बघा, भरपूर पाणी पिऊन वजन फुगवलेलं असू शकतं.

ताट आणि पेय दोन्ही नाकारलं आणि आणखी वाट बघणं शरीराला झेपणार नाही अशी अवस्था असेल तरच नळी. तेव्हाही तिला विचारायचं: 'पेय तोंडाने घेतेस की नळीने?' फार मुली या टप्प्याला पेला उचलतात. काही नळी मागतात, कारण मग 'मी खाल्लं' असा दोष स्वतःला द्यावा लागत नाही. ते मान्य करायचं.

इथे एक वस्तूचा प्रश्न आहे. कॅज्युअल्टीत हाताला येते ती जाड, कडक राइल्स ट्यूब, १४ किंवा १६ नंबरची. ती पोट रिकामं करायला ठीक. अन्नासाठी ६ ते ८ नंबरची मऊ, बारीक फीडिंग ट्यूब मागवा. नाकाने घशात घासत जाणारी जाड नळी आणि ही बारीक नळी यांत मुलीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. बसवून, हनुवटी थोडी छातीकडे, हातात पाण्याचा पेला देऊन, घोटाबरोबर नळी पुढे सरकवायची. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत आधी मापून खूण करायची. आत गेल्यावर ओढून घेतलेल्या द्रवाचा पीएच (आम्लतेचं माप) ५.५ किंवा त्याखाली हवा. पीएच पट्टी नसेल किंवा शंका असेल तर एक्स-रे. पोटावर स्टेथोस्कोप ठेवून हवेचा आवाज ऐकणं हा पुरावा नव्हे. नळी फुप्फुसात असली तरी तसाच आवाज येऊ शकतो, आणि मग दूध फुप्फुसात जातं.

धरून नळी घालायची वेळ आलीच तर चार-पाच शिकलेली माणसं लागतात, प्रत्येकाचं काम ठरलेलं: डोकं कुणी, हात कुणी, बोलणारं एकच कुणीतरी. मुलीला धरणाऱ्यांत बाया असाव्यात. तोंडावर, मानेवर, छातीवर दाब नाही. पालकांना धरायला लावू नका, त्यांनी दाराबाहेर थांबावं आणि झाल्यावर आत येऊन जवळ बसावं. गॉजच्या पट्टीने मनगटं कॉटला बांधून ठेवणं ही सोय आहे, उपचार नाही.

काळा_कोट_इंदूर

सिस्टरांच्या शेवटच्या वाक्याला कलम ९७ जोडतो. तत्काळ इजा टाळायचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच आवर घालता येतो, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरताच वेळ. कारण, पद्धत, वेळ लिहून ठेवायची आणि २४ तासांत प्रतिनिधीला कळवायचं. शिक्षा म्हणून नाही, धाक म्हणून नाही, आणि माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. एकटीला कोंडून ठेवायला तर पूर्ण बंदी आहे.

शाळेचा_व्हरांडा (इंदूर)

इंदुरात जायचं कुठे? बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयात की एमवायला?

बालरोग_राजवाडा

नाडी ४४ असलेल्या मुलीला आधी मानसिक रुग्णालयात नेऊ नका. पहिला आठवडा शरीराचा आहे. जिथे रात्रीही ईसीजी, हृदयाचा मॉनिटर, रोजचं फॉस्फरस आणि शेजारीच मानसोपचार विभाग आहे तिथे जा. एमवाय हे वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ आहे, तिथे हे विभाग एका छताखाली मिळतात. खाजगीत जात असाल तर भरतीआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: फॉस्फरसचा रिपोर्ट त्याच दिवशी येतो का, किशोरवयीनांसाठी मानसोपचारतज्ज्ञ रोज राउंडला येतात का, आणि जेवणाच्या वेळी बसायला माणूस मिळेल का.

१६-१७ चं वय अडनिडं. बालरोग वॉर्ड म्हणतो मोठी आहे, मेडिसिन वॉर्ड म्हणतो लहान आहे. एका डॉक्टरचं नाव 'मुख्य' म्हणून केसपेपरवर लिहून घ्या, नाहीतर सुट्टी कधी आणि जेवण किती हे दोन राउंडला दोन वेगळं ऐकायला मिळतं, आणि ती फट मुलगी बरोबर हेरते.

रात्री-बेरात्री काय करावं सुचत नसेल तर टेलि-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. पण भोवळ आली असेल तर फोन नाही, थेट १०८.

निंबोळी

मनोमय, न फसवण्याचं पटलं. पण वडीलच चौथ्या दिवशी 'हिला त्रास होतोय' म्हणून घरी घेऊन गेले तर?

काळा_कोट_इंदूर

हा या कायद्यातला नाजूक सांधा आहे. प्रतिनिधीने पाठिंबा काढला की मुलीला सोडावंच लागतं. 'लामा'वर, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेण्याच्या कागदावर, सही होते आणि चौथ्या दिवशी, फॉस्फेट तळाला असताना, मुलगी घरी जाते. उपाय कलम १५ मध्ये आहे. पालक मुलीच्या हिताने वागत नाहीत असं वाटलं तर मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा मुलीचं हित बघणारी कोणतीही व्यक्ती मंडळाकडे अर्ज करू शकते, आणि मंडळ दुसरा योग्य प्रतिनिधी नेमू शकतं. मामा, आत्या, कुणी तयार असेल तर त्यांचं नाव अर्जातच द्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो.

पण कोर्ट-कचेरीच्या आधी दुसरं बघा. दोन्ही पालकांना भरतीआधी एकत्र बसवून पहिला आठवडा कसा जाईल ते सांगितलेलं असतं तेव्हा चौथ्या दिवशी सही कमी वेळा होते.

मनोमय

त्यात हे सांगावं: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती तुमचा द्वेष करेल, पायावर सूज येईल, पोट दुखेल, 'मला इथे मारतायत' म्हणेल. सूज आली, मार लागल्याचे वळ दिसले, काहीही दिसलं तर सिस्टरला विचारा, दुर्लक्ष करू नका. पण पोट दुखणं अपेक्षित आहे. महिनोन्‌महिने आकसलेलं पोट हळू रिकामं होतं.

आणि सुट्टी म्हणजे शेवट नाही. नाडी आणि रक्त सुधारलं की इस्पितळ सोडतं, तेव्हा वजन अजून कमीच असतं. घरी पहिले काही महिने काय शिजेल, किती वाढायचं हे आई-वडील ठरवतात, मुलगी नाही. पौगंडावस्थेतल्या अ‍ॅनोरेक्सियात सर्वाधिक आधार असलेली पद्धत हीच, कुटुंबाच्या मदतीने उपचार. आठवड्याला वजन आणि नाडी. धावणं, नाच, जिम बंद. डबा शाळेत कुणासमोर खायचा हे, ताई, तुमच्यासारख्यांनी ठरवून द्यायचं.

शाळेचा_व्हरांडा (इंदूर)

शेवटचं विचारते. भरतीत असतानाच मुलीला १८ पूर्ण झाली तर?

काळा_कोट_इंदूर

कलम ८८. त्या दिवसापासून ती स्वतंत्र रुग्ण ठरते आणि 'मला घरी जायचंय' म्हणू शकते. आई-वडिलांची सही तिथे संपली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली प्रकरणात शस्त्रक्रियेच्या संदर्भात हेच सांगितलं आहे, सज्ञान रुग्णाच्या बदल्यात आईची संमती चालत नाही. मात्र स्वतःची काळजी घेता येत नाही आणि त्यातून धोका आहे असं दिसलं तर तपासणीसाठी तिला २४ तास थांबवता येतं. त्या २४ तासांत कलम ८९ खाली दोन स्वतंत्र तपासण्या झाल्या आणि अटी बसल्या तर ३० दिवसांपर्यंत 'आधारासह भरती', म्हणजे प्रतिनिधीच्या अर्जावरची भरती, होते. मुलगी म्हणून तिची माहिती मंडळाला तीन दिवसांत जायला हवी, आणि ती मंडळाकडे दादही मागू शकते.

म्हणून वाढदिवसाच्या पंधरा दिवस आधी तिच्याशी बसून बोला. प्रतिनिधी कोण हवं हे सज्ञान झाल्यावर ती स्वतः लिहून देऊ शकते. आई नको, मावशी हवी म्हणाली तर मावशी. तो कागद साध्या कोऱ्या पानावर, तिच्या सहीने चालतो. तारीख वाढदिवसाची किंवा त्यानंतरची हवी, आदल्या दिवशीची नाही.